आई, आपण नक्की कुठल्या चर्चचे?

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही घराजवळच्या चर्चमध्ये गेलो. पाळकांनी प्रेमाने चौकशी केली, "तुमचा पंथ कोणता?" ह्यांनी सांगितले, "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया." पाळक हसले, पण त्यांना काही उमगले नाही. परतताना लेकीने विचारले, "आई, आपण नक्की कुठल्या चर्चचे?" मंडळातल्या मैत्रिणीही विचारतात, "तुम्ही कॅथलिक ना?" म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्रात आम्हा प्रॉटेस्टंटांचा पंथ बहुधा जिल्ह्याने ठरला. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ते काँग्रिगेशनल. त्यांचे मिशन पुढे नगरला गेले, म्हणून नगरकर काँग्रिगेशनल. कोल्हापूरला अमेरिकेचे प्रेस्बिटेरियन, नाशिकला इंग्लंडचे अँग्लिकन, जालन्याला स्कॉटलंडचे मिशन. युरोपातली जुनी भांडणे आमच्या पणजोबांच्या गावीही नव्हती, पण पाट्या मात्र चिकटल्या. नगरची मुलगी नाशिकला दिली, की तिचा पंथ बदलायचा!

या पाट्या काढण्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एक झाली. घोडे अडले होते ते दोन मोठ्या प्रश्नांवर. बिशप असावा की नसावा? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की समजत्या वयात? तोडगा साधा निघाला. बिशप राहिले, पण मंडळीच्या सल्ल्याने चालणारे. आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. कोणी कोणाला खोटे ठरवले नाही. अमेरिकन मेथॉडिस्टांची भारतातली शाखा मात्र ऐनवेळी बाहेर राहिली.

वसईचे कॅथलिक यात नव्हतेच. त्यांची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. त्यातल्या सामवेदी समाजाची तर कादोडी ही स्वतःची बोली आहे. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हालाही घरचाच माणूस मोठा झाल्यासारखे वाटले.

इकडे गंमत अशी, की नागपुरात जे जुळले ते इथे पुन्हा सुटले. आमच्या गावात सी.एन.आय.चे चर्च नाही. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, तिन्ही जागतिक कुटुंबांशी आमचे नाते आहे, त्यामुळे दारे उघडी आहेत. पण एक घर एपिस्कोपल चर्चमध्ये जाते, दुसरे प्रेस्बिटेरियन, तिसरे मेथॉडिस्ट. मुले इंग्रजी गीते गातात. रेव्हरंड टिळकांची भजने त्यांच्या कानावर पडणार कधी?

म्हणून गेली काही वर्षे महिन्यातून एका शनिवारी आम्ही कोणाच्या तरी घरी मराठीत उपासना करतो. पेटी असते, भजने होतात, शास्त्रवाचन होते. वसईच्या वहिनीही येतात. प्रभुभोजन मात्र तिथे ठेवत नाही. आमच्या विधीत त्यांना भाग घेता येत नाही आणि त्यांच्या मिस्सेत आम्हाला प्रसाद घेता येत नाही. याची रुखरुख लागते. पहिल्या वर्षी त्या निघताना म्हणाल्या, "वेदी वेगळी असू दे, पंगत तरी एक ठेवू." तेव्हापासून जेवण सर्वांचे एकत्र होते.

लेकीला मी आता सांगते, "बाळ, आपण त्या पंगतीतले." नाताळच्या पंगतीला मंडळातील सर्वांनी अगत्य यावे. करंज्या भरपूर केल्या आहेत!