वीस लाख वेढे

ऐन उन्हाळ्यात केळीच्या बागेतला पंप जळतो. शेतकरी मोटार गाडीत टाकून जळगावला आणतो आणि ‘भरून’ घेतो. भरणारा कारागीर दांडा फिरवत तांब्याची तार गुंडाळतो, बोलता बोलता वेढे मोजतो. 1963 साली अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी अशीच दोन वेटोळी भरली. प्रत्येकात वेढे किती? सुमारे वीस लाख. ती त्यांनी माणसाच्या छातीसमोर धरली आणि हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा नोंदवलं.

धडधडताना हृदयात वीज वाहते. ईसीजी पाहते ती हीच. वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. पण ते किती? पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहा लाखावा भाग. मेंदूचं तर त्याहून शेकडो पटींनी क्षीण. म्हणून बाउले-मॅकफींनी दोन्ही वेटोळी उलटी जोडली. लांबून येणारा चुंबकीय गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो आणि आपसांत खोडला जातो. जवळच्या हृदयाचा आवाज तेवढा उरतो. शरीराचं चुंबकत्व मोजण्याच्या या विद्येचं खरं काम ऐकणं नव्हेच, आजूबाजूला गप्प करणं आहे.

हा धडा मुंबईने आधीच घेतला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जाई. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांची वीज हे माप बिघडवणार म्हटल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. दगड पोरबंदरचा, चुंबकाला दाद न देणारा. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या आणि मग कुलाब्याचं माप थांबवलं. एका ट्रामपायी समुद्र ओलांडावा लागला!

शरीराचं माप घ्यायचं तर तेवढ्यानेही भागत नाही. डेव्हिड कोहेन यांनी एमआयटीत धातूच्या अनेक थरांची खोली बांधली आणि 1969 च्या अखेरीस तिथे जेम्स झिमरमन यांचा स्क्विड बसवला. स्क्विड म्हणजे अतिवाहक धातूचं चिमुकलं कडं; क्षेत्र कणभर बदललं तरी त्यातला विद्युतदाब बदलतो. मात्र ते उणे 269 अंशांवर, द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने लावला असं आपण हौसेने सांगतो. लॉकियर किल्ल्यावर आले ते 1898 च्या ग्रहणाला. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ 1868 सालची.) आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विड घरीच घडवले आणि हृदय-मेंदूची यंत्रं उभी केली. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूचं यंत्र आहे. त्याला ‘मेग’ म्हणतात.

मेगच्या खोलीत जाताना साडीची सेफ्टी पिनसुद्धा बाहेर ठेवायची. उपयोग मुख्यतः अपस्माराचा: औषधाने न थांबणारी फिट मेंदूत नेमकी कुठून उठते हे शस्त्रक्रियेआधी शोधणं. कवटीच्या हाडातून वीज विस्कटत येते, चुंबकीय क्षेत्र जवळजवळ जसंच्या तसं येतं. पोटातल्या बाळाचंही तेच. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर साधारण सातव्या महिन्यापासून ईसीजीला आडवा येतो. चुंबकीय नोंदीला तो अडवत नाही, म्हणून बाळाच्या ठोक्यांतला बिघाड जन्माआधी कळतो.

खानदेशाला जवळचा वाटावा असा उपयोग मात्र यकृताचा. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या यकृतात लोह साचतं. शरीराबाहेरून हलकं क्षेत्र लावून ते लोह किती प्रतिसाद देतं हे स्क्विडने मोजता येतं. सुई खुपसून तुकडा काढायला नको. अशी यंत्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली आणि पुढे ते काम एमआरआयने उचललं. बाजारात उपचार म्हणून विकले जाणारे ‘चुंबकीय पट्टे’ या साऱ्यात कुठेच बसत नाहीत. इथे शरीराचं फक्त माप घेतलं जातं, उपचार होत नाहीत.

आता रुबिडियमच्या वाफेच्या कुप्या आल्या आहेत. हेलियम नको, टोपीसारखं घालून मान हलवता येते. लहान मुलांसाठी हे सोयीचं. पण गप्प खोली लागतेच. जळगावात ती बांधायची तर भुसावळच्या रुळांपासून लांब, आणि मोटारी भरणाऱ्याच्या गल्लीपासून त्याहून लांब.