फुलाची वेळ आणि ब्रशचा फटकारा

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना कामशेतपासून आत पवन मावळात वळले, की भातखाचरांच्या मधूनमधून पॉलिहाऊसची पांढरी छपरे दिसतात. इथला गुलाब कळी मिटलेली असतानाच कापतात, दांडीच्या लांबीनुसार त्याची प्रतवारी होते आणि व्हॅलेंटाइन डेसाठी तो परदेशी जातो. बाजाराला सगळी फुले सारखी लागतात. चित्रकाराला मात्र कललेले, पाकळी गळू लागलेले फूल खुणावते.

ते कसे रंगवावे? आपल्यापैकी अनेकांची चित्रकलेशी ओळख एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतून झाली. तिथल्या वस्तुचित्रात नेटकी बाह्यरेषा आणि घोटलेला छायाप्रकाश अंगवळणी पडतो. त्यामुळे फटकारे उघडे दिसणाऱ्या चित्राला ‘अपुरे’ असा शेरा सहज मिळतो.

हा शेरा तपासायला के. एच. आरा (१९१४–१९८५) यांची पुष्पचित्रे पाहावीत. मुंबईत घरकाम करत, मोटारी धुवत ते चित्रकार झाले आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत होते. जलरंग व ग्वाश त्यांनी तैलरंगासारखे दाट वापरले. त्यांच्या फुलदाणीतल्या पाकळ्या मोजता येत नाहीत. फुलांचा भार आणि तोल मात्र कळतो.

असा फटकारा देण्याआधी बरेच काही ठरलेले असते. डोळे किलकिले केले, की गुच्छाचे उजेड, सावली आणि मधली छटा एवढेच मोठे आकार उरतात. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ पाकळी म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखावा लागतो. ओल्या रंगावर पुन्हापुन्हा ब्रश फिरवला, की रंग गढूळतो. सावलीतल्या कडा विरू द्याव्यात आणि एखाद्याच फुलाची कड ठसठशीत ठेवावी. नजर तिथे थांबते.

मावळातली हवाही हिशेबात धरावी लागते. आषाढात कागद सुकता सुकत नाही, रंग पसरत राहतो. चैत्रात तोच कागद बघता बघता सुकतो. फूल तर कुणासाठीच थांबत नाही. एकेक पाकळी घोटत बसले, तर एकाच चित्रात सकाळचे आणि संध्याकाळचे फूल शेजारी येते. एदुआर माने यांनी १८८२ च्या आजारपणात भेटीदाखल आलेले गुच्छ लहान कॅनव्हासवर रंगवले. काचेतले देठही मोजक्या फटकाऱ्यांत.

पाहणी पुरी झालेली असते, म्हणून मोजके फटकारे पुरतात. ‘अपुरे’ म्हणण्याआधी चित्रात फुलाची वेळ ओळखू येते का, एवढे पाहावे.