पोटापाण्याचं काम की मनासारखं काम? 'युकी' पिढीवरून घरोघरी वाद का होतात?

लग्नाच्या पंगतीत हा सीन हमखास घडतो. मामा विचारतात, "काय रे, सध्या काय करतोस?" भाचा सांगतो, "मामा, फ्रीलान्स ॲनिमेशन करतो." मामा मान डोलावतात, जिलबीचा तुकडा मोडतात आणि खरा प्रश्न टाकतात, "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे?"

भाच्याला वाटतं, यांना आपलं काम कळतच नाही. मामांना वाटतं, पोरगं छंदालाच धंदा समजून बसलंय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. तरी हा वाद मिटत नाही. का मिटत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी एका शब्दाची गोष्ट बघायला लागते.

यप्पी, हिपस्टर आणि मग युकी

१९८० च्या दशकात अमेरिकेत 'यप्पी' हा शब्द गाजला. यप्पी म्हणजे यंग अर्बन प्रोफेशनल. शहरात राहणारा, बँकेत किंवा कंपनीत गलेलठ्ठ पगार घेणारा आणि तो पगार दाखवून खर्च करणारा तरुण. 'न्यूजवीक'ने तर १९८४ हे वर्षच यप्पींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. पुढे हिपस्टर आले. पैशाच्या मागे धावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

२०१५ मध्ये डेव्हिड इन्फान्टे या तरुण पत्रकाराने 'मॅशेबल'वर लिहिलं की आता या दोघांचं मिश्रण तयार झालंय. त्याला त्याने नाव दिलं 'युकी', म्हणजे यंग अर्बन क्रिएटिव्ह. यांना पैसा हवा असतो, पण तो स्वतःच्या कल्पनेतून, मनासारखं काम करून मिळायला हवा असतो. विशेष म्हणजे आपणही त्यातलेच आहोत, अशी कबुली इन्फान्टेने त्याच लेखात दिली होती.

हा शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही, पण ही माणसं मात्र पुण्या-मुंबईत जागोजागी दिसतात. डिझायनर, कंटेंट रायटर, एडिटर, पॉडकास्ट करणारे, स्वतःचा छोटा ब्रँड काढणारे.

मामांना पर्मनंट नोकरीच का हवी असते?

याचं उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, घरं विस्कटली, अनेक कुटुंबांनी कोकणाची, घाटावरची वाट धरली.

हाताला काम नसणं म्हणजे काय असतं, हे त्या पिढीने घरात बसून पाहिलं. दुसरीकडे १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. बँका, एलआयसी, रेल्वे, पोस्ट इथे चिकटलेल्या माणसाचं मात्र सगळं वेळेवर झालं. घराचं कर्ज, मुलांचं शिक्षण, शेवटी पेन्शन. त्यामुळे 'पर्मनंट' हा शब्द त्यांच्यासाठी आनंदाशी नाही, सुरक्षिततेशी जोडला गेला.

म्हणजे जुन्या पिढीला मनासारखं काम नकोच होतं का? तसं अजिबात नाही. त्यांनी फक्त मन आणि पोट वेगवेगळं ठेवलं. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरी करता करता नाटक करत होते. डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक होते. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई म्हणून राबले, मग शिक्षक झाले आणि हे सगळं सांभाळून कविता लिहिली. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धांमध्ये तर दिवसभर पाळी करून आलेले लोक संध्याकाळी तोंडाला रंग लावायचे.

'नोकरी सांभाळून' हा त्या काळाचा मंत्र होता. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घसा तज्ज्ञाची चालती प्रॅक्टिस सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. पण तेही वयाच्या चाळिशीत, हातात डॉक्टरकीची पदवी असताना.

मग नवी पिढी तोच रस्ता का धरत नाही?

कारण तो रस्ताच आता तसा उरलेला नाही. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नव्हती. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले होते. कंपन्यांमध्ये कंत्राटी भरती वाढली आहे. आयटीमध्ये एका मेलवर नोकऱ्या जाताना याच पिढीने पाहिल्यात.

दुसरं कारण वेळेचं. पाच वाजता सुटून सहाला तालमीला पोहोचणं बँकेतल्या कारकुनाला जमायचं. आज नऊ-दहा तासांचं ऑफिस, वर प्रवास आणि रात्री व्हॉट्सॲपवर येणारं काम. 'नोकरी सांभाळून' काही करायला संध्याकाळच शिल्लक राहत नाही. मग तरुण म्हणतात, दिवसाचा सगळा वेळ कामातच जाणार असेल तर निदान ते काम तरी आवडीचं असू दे.

आवडीच्या कामातली मेख

पण इथेच एक सापळा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की एखाद्याला कामाची आवड आहे असं कळलं, की त्याच्याकडून जादा किंवा बिनपगारी काम करून घेणं लोकांना जास्त रास्त वाटतं. "त्याला आवडतंच की!" असा हिशेब असतो. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे, "सध्या बजेट नाही, पण तुझं नाव होईल."

शिवाय आवड कायद्यात बसत नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळं नोकरदाराला मिळतं, फ्रीलान्सरला नाही. म्हणूनच २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा मागण्या गिरणी कामगारांना ओळखीच्या वाटाव्यात अशाच होत्या. कामाचा योग्य मोबदला आणि कामाची हमी. त्यात एआयच्या वापरावर मर्यादा घाला, ही नवी मागणी जोडली गेली.

न बोललेली गोष्ट

या वादात एक मुद्दा दोन्ही बाजू टाळतात. दोन महिने पेमेंट अडकलं तरी जो तरुण तग धरतो, तो बहुतेक वेळा आईवडिलांच्या घरात राहत असतो. ते घर पर्मनंट नोकरीच्या पगारातून उभं राहिलेलं असतं. म्हणजे मुलाच्या स्वातंत्र्याचा पाया वडिलांच्या कंटाळवाण्या नोकरीने घातलेला असतो. गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीला हाच निर्णय कितीतरी महाग पडतो. मनासारखं काम करता येणं हा फक्त हिमतीचा प्रश्न नाही, पाठीशी काय आहे याचाही आहे.

मग करायचं काय?

तरुणांनी आवड सोडायची गरज नाही, पण तिला व्यवहाराची जोड द्यावी. काम सुरू करण्याआधी रक्कम, मुदत आणि किती वेळा बदल करून देणार, हे लिखित घ्यावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु सेवा पुरवठादाराचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत करणं २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याज मागता येतं. क्लायंटने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून जादा कापलेली रक्कम परत मिळवता येते. आरोग्य विमा स्वतःचा असावा आणि काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

आणि मोठ्यांनी "नोकरी कुठे?" याऐवजी "पैसे वेळेवर मिळतात ना?" असं विचारून बघावं. काळजी तीच आहे, पण या प्रश्नाचं उत्तर भाच्याकडे असतं. कधीकधी ते "नाही" असतं. आणि पेमेंट कसं वसूल करायचं, हे तीस वर्षं ऑफिसात काढलेल्या मामांना भाच्यापेक्षा नक्कीच चांगलं ठाऊक असतं.