गरुड आणि गरुड-पाकट

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना कधी पाहिली आहे का? जाळ्यात एखादे वेळी पाकट मासा येतो. मालवणीत त्याला वागळी म्हणतात. ज्याच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि अंगाच्या दोन बाजूंचे पर पंखांसारखे पसरलेले असतात, तो गरुड-पाकट. वर आकाशात त्याच वेळी पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही घिरट्या घालत असेल. दोघांच्याही पंखांचा विस्तार सुमारे २ मीटर भरू शकतो. मग एक हवेत तरंगतो आणि दुसरा वाळूवर असहाय का पडतो?

वर्गात हे विचारले की मुले हटकून ‘कल्ले’ असे उत्तर देतात. श्वासापुरते ते खरेच आहे. पण वजनाचे काय?

पाकटाचे वजन ५० किलोग्रॅम धरू. समुद्राच्या पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८५० पट. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हा पाकट स्वतःच्या आकारमानाइतके, म्हणजे जवळजवळ ४८ किलोग्रॅम पाणी बाजूला सारतो. पाण्यात त्याचे वजन उरते जेमतेम २ किलोग्रॅम! तेवढे पेलायला पंखांची संथ हालचाल पुरते. ३ किलोग्रॅमच्या गरुडाला हवा अशी सवलत देते ती अवघ्या काही ग्रॅमची. बाकी सारा भार पंखांनीच उचलायचा.

पंखाचे उचलणारे बल माध्यमाची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. गरुडाचे पंख अर्धा चौरस मीटर धरले, तर सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने तो हवेत टिकतो. पाकटाला एक चौरस मीटर पंख दिले तरी सेकंदाला २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेग लागेल. गरुड-पाकट पाण्याबाहेर उड्या मारतो खरा. पण दीड मीटर उंच उडी घेतली, तरी सेकंदाभरात तो परत पाण्यात पडतो. (गणित करून पाहा!)

रापण वाळूवर आली की तेच २ किलोग्रॅम पुन्हा ५० होतात. मऊ कूर्चेचा सांगाडा आणि अंगावर स्वतःचाच भार! गरुड-पाकटाची मादी एका वेळी मोजक्याच पिलांना जन्म देते, त्यामुळे एकेक पाकट मोलाचा. त्याला सोडायचेच असेल, तर जाळे गुडघाभर पाण्यात असतानाच सोडणे सोपे. मात्र शेपटीच्या मुळाशी विषारी काटा असतो. ते काम रापणकरांवरच सोपवा.