रॉकेट किती भरवशाचं? टक्क्यांसोबत उड्डाणंही मोजा

आपल्या माकणी-लोहारा भागाला हादरवणाऱ्या भूकंपाच्या दहाच दिवस आधी, 20 सप्टेंबर 1993 ला, इस्रोच्या पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं. युरोपचं एरियन-5 सुद्धा 4 जून 1996 ला पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत फुटलं. दोघांनाही सॉफ्टवेअरमधली चूक नडली. त्या दिवशी निकाल शून्य टक्के!

चुका शोधल्या, दुरुस्त केल्या. एरियन-5 ची 117 पैकी 112 उड्डाणं पूर्ण यशस्वी झाली, म्हणजे जवळपास 96 टक्के. पीएसएलव्हीची मे 2025 पर्यंत 63 पैकी 59, म्हणजे सुमारे 94 टक्के.

पाच उड्डाणांत एक फसलं तर टक्के धाडकन 80 वर येतात; शंभरात एक फसलं तर 99 राहतात. म्हणून मुलांनी ‘कोणाचं रॉकेट भारी?’ विचारलं, तर आधी विचारा: उडालं किती वेळा?