इटालियनची परीक्षा आणि आपली मुले

कोणती भाषा कोणी शिकायची, हे या देशात हजारो वर्षे जातीने ठरविले. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून बाबासाहेबांना पर्शियन घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी स्वतःच्या हस्ताक्षरात जर्मन भाषेत पत्र लिहिले. परदेशी शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी परक्या भाषेची धास्ती का घ्यावी?

इटलीचेच उदाहरण घेऊ. तेथे इटालियन माध्यमातून पदवी घ्यायची तर बाहेरच्या विद्यार्थ्याला साधारणतः 'बी-२' पातळीची भाषा सिद्ध करावी लागते. सिएना येथील परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची 'चिल्स', पेरुजाची 'चेली', दान्ते अलिगिएरी संस्थेची 'प्लिदा' या त्यासाठीच्या मान्यताप्राप्त परीक्षा. 'चिल्स'चे पाच भाग आहेत : ऐकणे, वाचणे, भाषेची रचना, लिहिणे आणि बोलणे. प्रत्येकी २० गुण आणि प्रत्येक भागात किमान ११ हवेतच. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळाले, पण बोलण्यात दहावर अडकले, तर प्रमाणपत्र नाही. घोकंपट्टीवर वाढलेला विद्यार्थी नेमका येथे मार खातो. मात्र उत्तीर्ण झालेले भाग १८ महिने ग्राह्य राहतात. तेवढ्या मुदतीत राहिलेला भागच पुन्हा द्यायचा. हा नियम ठाऊक नसल्याने कोणी एका अपयशात खचू नये.

तयारी कशी करावी? जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. रोज इटालियन रेडिओ ऐकावा, रोज एक पत्र लिहावे, मोठ्याने वाचावे. 'पेना' म्हणजे दंड आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. हा फरक जोडाक्षरांना सरावलेल्या मराठी जिभेला जड नाही. परीक्षकाशी 'तू' नव्हे, आदरार्थी 'लेइ' वापरावे.

पण ही परीक्षा विद्यार्थ्यांपुरती नाही. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत आणि लातिनाच्या शेतांत हजारो पंजाबी मजूर राबतात. इटलीत स्थायिक झालेल्या पंजाब्यांत रविदासिया बांधवही आहेत. त्यांची मंदिरे तेथे उभी आहेत. २०१८ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी 'बी-१' पातळी सक्तीची केली. पहाटेपासून गाईंची धार काढणाऱ्याने अभ्यास करायचा कधी? जो देश श्रम घेतो, त्याने भाषा शिकण्यासाठी वेळही द्यायला हवा.

हे इटलीतल्याच एका शाळेने फार पूर्वी सांगितले आहे. फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगरी वस्तीत दोन लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांची शाळा चालविली. त्या मुलांनी मिळून लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गरिबाचे पोर नापास होते, तेव्हा नापास शाळा झालेली असते, हा त्याचा आशय. आपल्याला तो नवा नाही.

म्हणून जे ही परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांनी प्रमाणपत्र भिंतीवर टांगून थांबू नये. सुटीत गावी आल्यावर विहारात चार मुलांना बसवावे, प्रश्नपत्रिका समजावून सांगाव्यात. बाबासाहेबांच्या 'शिका'चा अर्थ एकट्याने शिकणे असा कधीच नव्हता.