प्रोटीनच्या डब्याआधी लघवीची तपासणी

एखाद्या घरातल्या आजोबांच्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन २.९’ आलं, की मेडिकलमधून प्रोटीन पावडरचा डबा येतो. त्यामागची काळजी खरी असते, पण उपाय घाईचा असतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन. यकृत ते तयार करतं आणि रक्तातलं पाणी ते वाहिन्यांतच धरून ठेवतं. साधारण ३.५ ते ५ ग्रॅम दर डेसिलिटर हे प्रमाण बरंच उतरलं, की पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो. ते उतरण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा ताटाबाहेरची असतात. मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडातून ते लघवीत गळतं, सिरोसिस झालेलं यकृत ते पुरेसं बनवत नाही, आणि न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गात तर ते थोड्या दिवसांतच घसरतं. उलट, खाणं जवळजवळ सुटून हाडं वर आलेल्या रुग्णांतही ते पुष्कळदा नॉर्मल सापडतं. म्हणूनच ‘अस्पेन’ ही अमेरिकेतली पोषणतज्ज्ञांची संघटना अल्ब्युमिनला कुपोषणाचं माप मानत नाही.

यावर कुणी म्हणेल, वयस्कर माणसं जेवतात तरी किती? हे म्हणणं रास्तच आहे. चहा-बिस्किटं आणि पातळ वरण-भातावर दिवस काढणाऱ्यांचे स्नायू झिजतात. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम मिळतात. वरण घट्ट केलं, ताटात उसळ वाढली तरी बराच फरक पडतो. पण हे स्नायूंसाठी. लघवीतली गळती जास्त खाऊन भरून निघत नाही, मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या आधी व्हाव्यात.

मग शिरेतून अल्ब्युमिनची महागडी बाटलीच का लावू नये? सिरोसिसने इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये तोच प्रयोग झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रक्तातला आकडा वाढला, पण मृत्यू, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड कमी झाला नाही. फुफ्फुसात पाणी साचण्यासारखे त्रास मात्र जास्त दिसले. सिरोसिसमुळे पोटात साचलेलं पाच लिटरहून अधिक पाणी काढताना ही बाटली खरोखर लागते. नुसता रिपोर्ट सुधारावा म्हणून घरच्यांनी ती मागू नये.